आपणांस काही आजार आहे काय?

आजारपण आणि पाहुणे यांच्याबाबत आम्हा मध्यमवर्गीयांचं धोरण एकच असतं : यायचे तेव्हा येतील, आतापासून कशाला बोलावणं धाडा? माझंही तेच होतं. शिवाय ऑफिसनं आम्हा सगळ्यांचा मिळून एक विमा काढलेला होता. तो कुठल्या कंपनीचा, केवढ्या रकमेचा, याची मी कधी चौकशी केली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेला गणपती मिळाला. महिनाअखेर एक पत्र आलं, की आपल्या निवृत्तीबरोबरच आपलं विमासंरक्षणही संपुष्टात आलं आहे. उन्हाळाभर घोंगडी अंगावर ठेवायची आणि मृगाच्या पहिल्या सरीला ती काढून घ्यायची, त्यातलाच हा प्रकार.

ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण आठवड्याभरात घरी माणसांची रीघ लागली. आपल्याकडे विमा घेतला जात नाही, तो कुणाच्या तरी भिडेखातर घेतला जातो. माझ्या आयुर्विम्याच्या तिन्ही पॉलिसी म्हणजे अनुक्रमे एक मामेभाऊ, एक शाळासोबती आणि बायकोच्या मावशीचे यजमान आहेत. त्यांच्या अटी मी आजवर वाचलेल्या नाहीत. मावशीच्या यजमानांना अटी विचारायच्या, म्हणजे त्यांच्या घरचा लाडू फोडून आत काय आहे ते बघण्यासारखं!

शेवटी मुलीनं फोनवरून फर्मावलं, "बाबा, ओळखीतल्या कुणाकडून काही घेऊ नका. ब्रोकरला बोलवा."

ब्रोकर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जागा दाखवणारे, दोन महिन्यांचं भाडं दलाली म्हणून घेणारे आणि समुद्र दिसतो असं सांगून नाला दाखवणारे गृहस्थ उभे राहिले. प्रत्यक्षात आला तो पस्तिशीचा एक शांत मुलगा. कुठल्याशा ब्रोकर कंपनीत होता. आल्या आल्या त्यानं चपला बाहेर नीट जोडीनं ठेवल्या, तेव्हाच हिच्या परीक्षेत तो निम्मा उत्तीर्ण झाला. ही चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप आमचे, आणि तिचा एक वेगळा, कान तुटलेला. मी त्या कपाकडे पाहिलं नाही. संसारात आपण पुष्कळ गोष्टींकडे पाहत नाही.

मी एकदम मुद्द्यालाच हात घातला. "तुम्ही नक्की कुणाचे? आमचे की कंपनीचे?"

"तुमचा, काका," तो म्हणाला. "एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी. ब्रोकर हा कायद्यानं ग्राहकाचा प्रतिनिधी. मी चार कंपन्यांच्या पॉलिसी तुमच्यापुढे ठेवणार, निवड तुमची."

"आणि पैसे?"

"तुमच्याकडून काही नाही. तुम्ही पॉलिसी घेतलीत, तर कंपनी मला दलाली देते."

म्हणजे वकील माझा आणि त्याची फी देणार प्रतिवादी! पन्नास वर्षांपूर्वी आमच्या लग्नाच्या बोलण्यांत मध्यस्थ होते, ते दोन्ही घरी जेवायचे आणि दोन्ही घरी 'मी तुमचाच' म्हणायचे, ते मला आठवले. अर्थात ते लग्न टिकलं. तेव्हा दोन्हीकडे जेवणारा माणूस खोटाच असतो असा नियम काढता येणार नाही. पण तो खरा कधी मानायचा, हा प्रश्न काही सुटत नव्हता.

पुढचा तास त्यानं मला शिकवणीला बसवलं. मी आपला सर्वांत स्वस्त पॉलिसीवर बोट ठेवून बसलो होतो. तो म्हणाला, "काका, हिच्यात खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. विम्याच्या रकमेच्या एक टक्का. पाच लाखांची पॉलिसी, म्हणजे रोजचे पाच हजार. समजा, तुम्ही दहा हजारांची खोली घेतलीत, तर वरचे पाच हजार तुम्ही भरायचे, बरोबर?"

"बरोबर."

"चूक. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. खोली दुप्पट, तर त्या खर्चातले पैसे निम्मे."

हे ऐकून मी दचकलो. खिडकीतून झाड दिसणारी खोली मिळावी एवढ्या हौसेपायी माणसाचं अर्धं ऑपरेशन स्वतःच्या खर्चानं व्हायचं! मग त्यानं मोतीबिंदू, हर्निया अशा मंडळींच्या नावे सहसा दोन वर्षांची प्रतीक्षा असते ते सांगितलं. आधीपासूनच्या आजारांसाठी पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबवत, ते 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झालं, हेही सांगितलं. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत नापसंत करून परत देता येते. (लग्नाच्या बाबतीत ही सवलत असती, तर मंगल कार्यालयांचा धंदा दुप्पट झाला असता. हे मी मनातच म्हणालो.) व्यक्तिगत आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे, ही बातमी त्यानं अगदी शेवटी, पेढा द्यावा तशी दिली.

"पण समजा, मी आजारीच पडलो नाही, तर माझे पैसे वाया गेले की!" मी म्हणालो.

"वाया जाऊ देत, असंच म्हणा काका."

यावर मी रात्रभर विचार केला. 1986 साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्याआधी आमच्या घरी आजारपणाची तरतूद म्हणजे आईच्या पाटल्या. एका वेळी एका पाटलीचं आजारपण. ज्याच्या घरी पाटल्या नाहीत, त्यानं काय करायचं, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. विमा म्हणजे एक मोठी भिशीच. फक्त या भिशीत आपला नंबर लागू नये म्हणून जो तो देव पाण्यात घालून बसलेला असतो. माझे पैसे वाया गेले म्हणजे कुणातरी अनोळखी माणसाची पाटली वाचली. हिशेब काही वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी तो फॉर्म घेऊन आला. नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत मी सत्यवादी हरिश्चंद्र होतो. मग तो वाचायला लागला, "आपणांस रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार... यांपैकी काही आजार आहे काय? गेल्या काही वर्षांत तपासण्या, औषधं?"

ही समोरच भाजी निवडत बसली होती.

इथं एक कबुली द्यायला हवी. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी ऑफिसच्या जिन्यात मला गरगरलं होतं. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला आणि रोजची एक गोळी. हिला उगीच घोर नको, म्हणून मी घरी बोललो नाही. गोळ्यांची पाकिटं माझ्या दाढीच्या सामानात, ब्रशखाली असत. ऑफिसच्या विम्यात कुणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे हे खोटं बोलायची वेळच आली नव्हती. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी माझी समजूत होती.

"नाही," मी म्हणालो. मेथीच्या जुडीकडे बघत.

त्यानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, घाई नाही. फॉर्म ठेवून जातो. ही पानं तुम्ही दोघांनी बसून भरा. मात्र खरं लिहिल्यावर कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित नाहीही म्हणेल. तेवढी तयारी ठेवा."

कंपनी नाही म्हणाली, तर त्याची दलाली बुडणार होती. तो प्रश्न सोडून देणं त्याच्या फायद्याचं होतं. 'नक्की कुणाचे?' या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या खाली ठेवलेल्या पेनात होतं. ते मला मात्र तासाभरानं कळलं. चांगुलपणा माझ्या लक्षात जरा उशिराच येतो.

संध्याकाळी शेजारच्या अण्णांना गाठलं. अण्णा म्हणजे आमच्या सोसायटीचं वकील, वैद्य आणि हवामान खातं. ते म्हणाले, "अहो, गोळी घेणारे सगळे जर खरं लिहायला लागले तर कसं व्हायचं? नाही म्हणून ठोका. पाच वर्षं नेटानं हप्ते भरा. मग कंपनी तुमच्या जुन्या आजाराची उकरउकर करू शकत नाही. नियमच आहे."

ब्रोकरला फोन केला. तो म्हणाला, "नियम आहे, काका. पूर्वी आठ वर्षांचा होता, 2024 साली पाच वर्षांचा झाला. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. आणि पाच वर्षांच्या आत काही झालं तर?"

म्हणजे पाच वर्षं मी लबाड आणि सहाव्या वर्षी एकदम साधू! धर्मराजानं एकदाच 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं, तर त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. माझा रथ आधीपासूनच जमिनीवर. तो आणखी खाली म्हणजे खड्ड्यातच जायचा.

या धंद्यातल्या खऱ्याखोट्याचा एक जुना खटला आहे. इंग्रजांचा एक किल्ला सुमात्रा बेटावर होता. तिथल्या गव्हर्नरनं, शत्रूनं किल्ला घेतला तर नुकसानभरपाई मिळावी, म्हणून चक्क विमा उतरवला. (आपल्याकडे एखाद्या किल्लेदारानं असलं काही केलं असतं, तर विम्याआधी त्याचा कडेलोट झाला असता.) 1760 साली फ्रेंचांनी किल्ला घेतलाही. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत होता हे यानं लपवलं. 1766 साली लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशानं निकाल गव्हर्नरच्या बाजूनं दिला, कारण किल्ल्याची अवस्था विमेवाल्याला समजण्याजोगी होती. पण निकालात एक तत्त्व सांगून ठेवलं, की जे एकट्यालाच ठाऊक आहे, ते दुसऱ्यापासून दडवून सौदा करायचा नाही. हे बंधन दोन्ही बाजूंना.

माझ्या किल्ल्याचा किल्लेदार मीच. कुठला बुरूज ढासळलाय, ते एकट्या मला ठाऊक. दाढीच्या ब्रशखाली काय आहे, ते कुठल्या विमेवाल्याला समजणार?

पण खरं सांगतो, तत्त्वानं माझं मन वळलं नाही. ते वळलं एका साध्या चित्रानं. मी इस्पितळात आडवा आहे. काउंटरवर ही फाईल घेऊन उभी आहे. आणि पलीकडचा माणूस तिला विचारतो आहे, "यांना ही गोळी केव्हापासून चालू आहे?" खोटं लिहिणार मी आणि उत्तर देणार ती, तेही माहीत नसलेल्या प्रश्नाचं. उधारी करून पावती बायकोच्या नावावर फाडण्यातला हा प्रकार. असली उधारी मी वाण्याकडेही कधी केली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर दाढीचा डबाच आणून तिच्यापुढे ठेवला. गोळ्या पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन वर्षं?"

"तुला घोर नको म्हणून."

"हं." तिनं फॉर्म पुढे ओढला, चष्मा लावला. "मग माझंही लिहून घ्या. मधुमेह. गेल्या दिवाळीपासून."

मी बघतच राहिलो. "अगं, बोलली नाहीस ती!"

"तुमच्या निवृत्तीचं वर्ष. म्हटलं, उगीच घोर नको. आणि बोलायचं काय? वर्षभर माझा चहा वेगळ्या कपात असतो. बिनसाखरेचा. एकदा तरी विचारलंत?"

कान तुटलेला कप! 'आपणांस काही आजार आहे काय?' हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारायचा राहिला होता, तो एका परक्या कंपनीच्या फॉर्मनं विचारला. आम्ही दोघांनी दोन्ही रकाने भरले. अक्षर तिचं, सह्या दोघांच्या.

वैद्यकीय तपासण्या झाल्या, हप्ता वाढला आणि पॉलिसी आली. रक्तदाब आणि मधुमेह यांच्यापायी जे काही होईल, त्याला तीन वर्षं पैसे मिळणार नाहीत. अण्णांनी मला वेड्यात काढलं. ब्रोकर मात्र पॉलिसी घेऊन घरी आला. त्याची दलाली वाचली याचा मलाच जास्त आनंद झाला.

आता तीन वर्षं आम्हाला आजारी पडायची परवानगी नाही. म्हणून ही मला रोज सकाळी सहाला ओढून फिरायला नेते. परत आल्यावर चहा होतो. दोन्ही कप बिनसाखरेचे. माझ्या फॉर्मवर मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलेलं आहे आणि ते अगदी खरं आहे, असं मी हिला दोनदा सांगून पाहिलं. पण आपल्या घरात क्लेम मंजूर करणारं खातं वेगळंच असतं.