खपली कोणी काढायची?

पूर्वपक्ष : 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारी परिसरातली दगडमातीची घरं त्यांच्या अंगावर कोसळली. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या ढिगाऱ्यातून वाचलेल्या एखाद्या बाईला समोर बसवून ‘त्या रात्री काय झालं ते सांगा’ म्हणायचं, याला तुम्ही उपचार म्हणता? झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणतच आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. खपली काढून जखम भरते, हे कुठलं शास्त्र?

उत्तरपक्ष : तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. आपत्तीनंतर काही दिवसांतच सरसकट सगळ्यांना एकदा बसवून बोलतं करायची पद्धत बऱ्याच देशांत रूढ होती. ब्रिटनमध्ये भाजलेल्या आणि रस्ते अपघातातल्या रुग्णांवर तिची पारख झाली, तेव्हा बोलतं केलेल्यांची अवस्था इतरांपेक्षा वाईट निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2013 साली असं करू नका म्हणून सांगितलं. बहुतेक माणसं रडून, घरच्यांच्या आधारानं, कामाला लागून सावरतात. पण महिने उलटल्यावरही रस्त्यावरून ट्रक गेला, फळीवरची भांडी किणकिणली की जी बाई लेकराला उचलून अंगणात धाव घेते, तिचं काय गंगेला मिळालं? शोक करणारा माणूस ‘तो होता’ असं म्हणतो. हिच्यासाठी त्या रात्रीला भूतकाळच नाही. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, म्हणतात तो हा. इथे खपली धरलेलीच नाही, काढणार कुठून? मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांच्या उपचारपद्धतीत डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा असतो, आठवड्यामागून आठवडे, आणि त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं असतं. क्रूर वाटतं खरं. पण सुरक्षित खोलीत, ओळखीच्या झालेल्या माणसासमोर तेच ते सांगताना छातीतली धडधड हळूहळू उतरते. आठवण आली म्हणून छप्पर कोसळत नाही, हे शरीराला पटायला लागतं. आणि स्पष्टच बोलायचं तर, ‘खपली काढू नका’ असं आपण पुष्कळदा तिच्यासाठी नाही, आपल्याला ऐकवत नाही म्हणून म्हणतो.

पूर्वपक्ष : ठीक. पण ती ‘नको’ म्हणाली तर? तुमच्याच शास्त्राप्रमाणे टाळणं हे या आजाराचं लक्षण. मग तिचा नकार हा आजार बोलतोय म्हणून बाजूला सारणार? आणि गावात मानसतज्ज्ञ आणणार कुठून?

उत्तरपक्ष : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. युगांडातल्या नाकिवाले वसाहतीत निर्वासितांमधूनच समुपदेशक तयार केले गेले आणि त्यांच्या हातून लोकांना उतार पडला. त्यांनी वापरलेल्या कथनोपचारात पुढे एक साधी रीत रुळली : जमिनीवर दोरी अंथरायची, ती म्हणजे आयुष्य. चांगल्या घटनेला फूल, वाईटाला दगड. दगडाच्या अलीकडे दोरी असते, पलीकडेही असते, हे माणूस डोळ्यांनी पाहतो. पहिला प्रश्न मात्र खरा पेच आहे. टाळणं लक्षण असलं तरी प्रत्येक नकार आजाराचा नसतो. समोरच्यावर विश्वास नाही, सासरी कळेल ही भीती आहे, ही शहाणपणाची कारणं झाली, आणि बाहेरून दोन्ही नकार सारखेच दिसतात. शिवाय भूकंपानं तिला विचारलं नव्हतं. उपचारात तरी तिचा शब्द चालायला हवा. टाळण्यानं भीती कशी पोसली जाते हे तिला नीट समजावून सांगावं, मग निर्णय तिचा. तो प्रसंग न उकरता आजच्या अडचणींवर काम करणारे उपचारही आहेत. गुण काहीसा कमी, पण अर्ध्यावर सोडणारेही कमी. तेही नको असेल, तर पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी तिच्या ओट्यावर जाऊन बसावं आणि झोप लागते का, एवढंच विचारावं.