तुळसाबाईच्या मागे कोण उभं आहे?

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला. नवऱ्याने करून ठेवलेल्या कर्जापायी घर सोडावं लागलेली गरोदर नेहा, तिला लपायला मिळालेलं उसाच्या फडांमधलं एकटं घर, त्या घरातली मायेने बोलणारी तुळसाबाई आणि फडातून ऐकू येणारे खेळत्या मुलांचे आवाज, एवढ्यावर हा चित्रपट उभा आहे. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी तो पेलला आहे. पुढे उलगडत जातं की मुली जन्माला येणं हेच या घराला मान्य नव्हतं, आणि या साऱ्याचा आपल्याला दिसणारा चेहरा तुळसाबाईचा आहे. फुरिया यांनीच २०२१ मध्ये ही गोष्ट ‘छोरी’ या नावाने हिंदीत आणली, २०२५ मध्ये तिचा दुसरा भागही आला. गोष्टीवर प्रेक्षकांचं एकमत नाही. कुणाला ती पुरेशी भीतिदायक वाटत नाही, कुणाला शेवटाकडचा उपदेश जड जातो, कुणाला मराठीत इतका संयमी भयपट झाला याचंच अप्रूप वाटतं. पण आवडलेले आणि न आवडलेले प्रेक्षक एका वाक्यावर मात्र सहज एकत्र येतात: शेवटी बाईच बाईची वैरी. मला या वाक्याविषयी लिहायचं आहे. चित्रपटाचा अर्थ म्हणून ते सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या अर्थापासून सुटण्याची ती सगळ्यात जवळची वाट आहे, असं माझं मत आहे.

चित्रपटच नीट पाहावा. नेहा त्या घरात स्वतःहून आलेली नाही. कर्ज नवऱ्याचं, पळून जाण्याचा निर्णय नवऱ्याचा, आसरा शोधला तो त्याच्या ओळखीतून. घर पुरुषाच्या नावाचं, भोवतीचा ऊस पुरुषाच्या सातबाऱ्यावरचा, आणि ज्या वारसासाठी हे सगळं चाललं आहे तोही पुरुषच हवा. ‘छोरी’मध्ये तर हे आणखी उघड आहे, कारण तिथे सोबत आलेला नवराच त्या घराचा मुलगा निघतो. पुरुषांना पडद्यावर वेळ कमी मिळतो, म्हणून ते गुन्ह्यात नाहीत असं होत नाही. उलट, या चित्रपटाची खरी भीती मला तिथेच जाणवते. ज्याला मुलगा हवा आहे त्याला आवाजही चढवावा लागत नाही. त्याची इच्छा घरातल्या बायकांनी इतकी आपली मानली आहे की हात लावायचं काम त्याच करतात. तो ओसरीवर बसून राहिला तरी चालतं. भुताची भीती पडदा उजळला की संपते, ओसरीवर बसलेल्या या माणसाची संपत नाही, कारण तो घरोघरी आहे.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण घेऊ. २०२२ मध्ये ॲलेक्स गार्लंड यांचा ‘मेन’ हा इंग्रजी भयपट आला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एक स्त्री एका खेड्यात राहायला जाते, आणि तिला भेटणारे घरमालक, पाद्री, पोलीस, शाळकरी पोर अशा सगळ्या पुरुषांना एकच चेहरा असतो. रोरी किनियर या एका नटाने त्या सगळ्या भूमिका केल्या आहेत. शेवटी एका पुरुषाच्या पोटातून दुसरा, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा जन्मत राहतो. समीक्षकांतही त्यावर मतभेद झाले, आणि अमेरिकेत पहिल्या प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोअरने त्याला ‘डी प्लस’ इतका खालचा दर्जा दिला. पाहण्याला अवघड, अंगावर येणारा शेवट हे नाराजीचं एक कारण होतंच. पण ‘सगळे पुरुष सारखे कसे दाखवता?’ हा आक्षेपही होता. या दोन चित्रपटांवरच्या प्रतिक्रिया शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. पुरुष समोर उभा केला की प्रेक्षक म्हणतो, हा अन्याय आहे, आम्ही सगळे असे नाही. पुरुष मागे ठेवला की तोच प्रेक्षक म्हणतो, बघा, करणारी तर बाईच आहे. दोन्ही वेळा पुरुष खोलीबाहेर जातो. मग पुरुषपणावर भयपट काढायचा तरी कसा, म्हणजे पाहणाऱ्याला त्यात स्वतःसाठी जागा सापडेल?

हा प्रश्न नांदेड-लातूरच्या वाचकाला परका नाही. मांजराकाठी, अर्धापुराकडे उसाचे फड आहेत, कंधार-मुखेडकडून तोडीला जाणाऱ्या टोळ्या आहेत, आणि लातूरला लागूनच बीड जिल्हा आहे. २००१ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. सबंध महाराष्ट्राचा आकडा याच दहा वर्षांत ९१३ वरून ८९४ वर आला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायदा करणारं राज्य हेच. २०१२ मध्ये परळीत गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला. तिला आधीच्या चार मुली होत्या. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणात डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली, आणि त्यांच्याबरोबर आणखी एकाला तीच शिक्षा दिली: मृत महिलेच्या नवऱ्याला. या निकालाची चर्चा झाली ती डॉक्टरांच्या नावाने. नवरा बातमीच्या खालच्या ओळीत राहिला. मला वाटतं, ही खालची ओळच वर यायला हवी होती. केंद्राच्या १९९४ च्या कायद्याचं २४ वं कलमही हेच सांगतं. गरोदर स्त्रीची लिंगनिदान चाचणी झाली असेल तर तिला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं न्यायालयाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘तिलाच मुलगा हवा होता’ या सबबीला कायद्याने तीस वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. आपण चित्रपट पाहून बाहेर पडताना ती सबब पुन्हा हातात घेतो.

हीच पद्धत आणखी एका ठिकाणी दिसते. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीपुढे बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. तेव्हाही ऐकू आलं की बायकांनीच शस्त्रक्रिया करून घेतल्या. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि पाळीच्या दिवसांनाही त्यातून सूट नसते. अशा हिशेबात बाईने दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. साखळीतला शेवटचा हात बाईचा असला की साखळी कुणी ओढली हे विचारायचं आपण थांबवतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. सासवा छळतात, सुईणींनी मुली मारल्या आहेत, दुसरी मुलगी झाली म्हणून सुनेला उपाशी ठेवणाऱ्या बायका आहेत. त्यांची जबाबदारी नाही का? आहे, आणि पूर्ण आहे. तुळसाबाईला क्षमा करा असं मी म्हणत नाही, चित्रपटही म्हणत नाही. पण जबाबदारी ठरवताना लाभ कुणाला झाला हेही पाहावं लागतं. मुलगी नको याचं कारण बहुतेक घरांत जमीन, हुंडा आणि म्हातारपणीचा आधार या तिघांत सापडतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये. तरी आजही तलाठ्याकडे फेरफार व्हायची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतलं जातं, आणि माहेर तुटू नये म्हणून त्या सह्या करतात. ज्या घरात बाईच्या नावावर काही नाही, तिथे तिची पत मुलगा झाल्यानेच वाढते. सासू सुनेकडे तेच मागते जे तिच्याकडे मागितलं गेलं होतं. हा तिचा बचाव म्हणून मी सांगत नाही. तिच्या गुन्ह्याची मुळं ज्या जमिनीत आहेत, ती जमीन तिच्या नावावर नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हा मुद्दा नवा नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपल्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतिमत्तेवर झोड उठली, त्या मुलाच्या बापाविषयी मात्र कुणी विचारलं नाही. तेव्हा मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्यातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि जे दोष बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांतही तेवढेच आहेत की नाहीत, हे एकेक करून तपासलं. पुस्तकावर इतकी टीका झाली की जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळालं नाही, हे मराठी विचारविश्वाचं मोठं नुकसान आहे. पुरुषाला चर्चेत ओढणाऱ्याला गप्प करण्याची सवय आपल्याकडे एवढी जुनी आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुरुषही या रचनेत भरडला जातो, त्याला फक्त आरोपी का करता? मराठवाड्यात हा प्रश्न झटकून टाकणं अमानुष ठरेल. कर्ज पुरुषाच्या नावावर असतं, बहिणीचं लग्न त्याने करायचं असतं, पीक गेलं की मान खाली त्याची जाते, आणि रडायची त्याला मुभा नसते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांनी हे भोगलं आहे. पण हा भार पुरुषावर टाकला कुणी? एप्रिल २०१७ मध्ये, ‘लपाछपी’ येण्याच्या तीन महिने आधी, लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने जीव दिला. वडिलांकडे हुंड्याला पैसे नाहीत, आपण त्यांच्यावर भार आहोत, असं तिने लिहून ठेवलं होतं. त्या बापाची लाचारी खरी होती आणि त्याला लाचार करणारी रीत पुरुषपणाच्याच हिशेबातली होती: मुलाची किंमत वाढवायची, मुलीची उणे धरायची. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण बाशिंग बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकपणे राबवा, अशी त्यांची मागणी होती. त्या मोर्चाकडे अनेकांनी करमणूक म्हणून पाहिलं. मला त्यात गांभीर्य दिसलं, कारण आपल्या एकटेपणाचं कारण आधीच्या पिढीच्या पुरुषांच्या इच्छेत आहे, हे त्या तरुणांनी जाहीरपणे मान्य केलं होतं. पुरुषाचं दुःख खरं आहे म्हणूनच त्याने या चित्रपटात स्वतःला शोधायला हवं. बाईला वैरीण ठरवून त्याचा भार कमी होत नाही.

राहिला कलेचा मुद्दा. ‘लपाछपी’ उत्तरार्धात बोलका होतो, जे प्रेक्षकाला कळलं आहे ते पुन्हा सांगतो, ही तक्रार मला मान्य आहे. भयपटाने आधी घाबरवावं, हेही बरोबर. पण संदेश जड झाला म्हणणाऱ्यांतले बरेच जण गोष्टीतून जो अर्थ घेऊन जातात तो नेमका उलटा असतो, हे पाहिल्यावर दिग्दर्शकाने एकदा जास्त सांगितलं याबद्दल मी त्याला फार दोष देऊ शकत नाही.

‘मुलगी वाचवा’च्या नावाखाली होणारे कार्यक्रम आपल्याकडे बहुतेक मुलींच्या शाळांत, महिला मेळाव्यांत, हळदीकुंकवाला होतात. मारलं जाण्याची भीती जिला आहे तिलाच आपण उपदेश करतो. लातुरात आणि नांदेडात शिकवण्यांसाठी आलेली हजारो मुलं वसतिगृहांत राहतात. उद्या ती डॉक्टर होतील, नवरे होतील, बाप होतील, त्यांतली काही सोनोग्राफीच्या यंत्रापाशी बसतील. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांनी, शिकवणी वर्गांच्या चालकांनी आणि वसतिगृहांच्या व्यवस्थापकांनी हा चित्रपट या मुलांना दाखवावा, आणि दाखवून झाल्यावर दिवे लावून तासभर त्यांना बोलू द्यावं. पहिला कुणीतरी उठून म्हणेलच की बाईच बाईची वैरी असते. त्याला गप्प करू नका, हसू नका. तुळसाबाईच्या घरातली जमीन कुणाच्या नावावर होती आणि मुलगा कुणाला हवा होता, एवढे दोनच प्रश्न त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.