मुलाचा हट्ट आणि आपली खंती




या वेळच्या धम्मदेसनेचा विषय आपल्या घरातलाच आहे. दोन-तीन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते, हातपाय आपटते, भोकाड पसरते, कधी चावते, कधी हातातली वस्तू फेकून मारते. कारण विचारावे तर वरणभात निळ्या वाटीत न देता पिवळ्या वाटीत दिला, एवढेच निघते. सालमिया, मंगाफ, फरवानिया, अब्बासिया या भागांतल्या आपल्या कितीतरी घरांत हे रोज घडते. बाप ड्युटीवर, आई दिवसभर एकटी, आजी-आजोबा नागपूरला नाहीतर औरंगाबादला. अशा वेळी आईबापाचा तोल जातो, हात उठतो आणि रात्री झोपलेल्या लेकराकडे पाहून मन खाते. धम्म जर या घडीला कामाला येत नसेल, तर तो येणार तरी कधी?

प्रथम कारण पाहू. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची मूळ शिकवण आहे. प्रतीत्यसमुत्पाद तो हाच. मूल रडले की आपल्यातही कोणी अजून मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतो, कोणी काळा दोरा बांधतो, कोणी 'मागच्या जन्मीचे देणे' म्हणून कपाळाला हात लावतो. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या अंधारातून बाहेर काढले तो मागच्या दाराने आत घेऊ नका. मूल वाईट नाही, आणि ते मुद्दाम आपला सूडही घेत नाही. साधारण एक ते चार वर्षांच्या वयात मुलाला पुष्कळ काही हवे असते, पण ते सांगायला शब्द थोडे असतात. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर पूर्ण तयार व्हायला माणसाला विशी ओलांडावी लागते. दोन वर्षांच्या लेकराकडून आपण जो संयम मागतो, तो आपल्यालाही अनेकदा जमत नाही.

त्यात कुवेतची हवा. 21 जुलै 2016 रोजी इथल्या मित्रिबा येथे 53.9 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जून ते ऑगस्ट दुपारी 11 ते 4 उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. धडधाकट मजुराला जिथे बाहेर उभे राहू देत नाहीत, तिथे लेकराला कुठे खेळायला नेणार? दोन खोल्यांत महिने काढायचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान 180 मिनिटे हालचाल करावी. एक-दोन वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, त्यानंतरही दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. आता आपला शुक्रवार आठवा. दुपारची झोप बुडते, रात्री उशिरापर्यंत मॉलमध्ये फिरणे होते, आणि मूल गप्प बसावे म्हणून हातात मोबाईल असतो. मग बिलाच्या रांगेत त्याने थयथयाट केला तर त्यात नवल काय? भूक, अपुरी झोप, कोंडमारा ही कारणे दूर करा. हट्ट पूर्ण थांबणार नाहीत, पण कमी होतील. बाहेर जाण्याआधी खाऊ घाला, झोपेची वेळ पाळा, उन्हाळ्यात घरातच उड्या मारू द्या, उशांचे डोंगर करून द्या. 'आता निघायचे आहे' हे पाच मिनिटे आधी सांगा.

तरीही हट्ट होणारच. तेव्हा काय करावे? इथे मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्त आठवते. राजगृहाचा अभय राजकुमार तथागतांना वादात अडकवण्यासाठी प्रश्न घेऊन आला होता: तथागत कधी दुसऱ्याला न आवडणारे बोलतात का? त्या वेळी अभयच्या मांडीवर एक तान्हे बाळ होते. तथागतांनी त्यालाच विचारले, तुझ्या किंवा दाईच्या दुर्लक्षामुळे या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला, तर तू काय करशील? अभय म्हणाला, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोके धरीन आणि उजव्या हाताचे बोट वाकवून बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला बाळाची करुणा आहे. त्यावर तथागतांनी सांगितले की जे सत्य आहे आणि हिताचे आहे, ते अप्रिय असले तरी ते बोलतात, पण योग्य वेळ जाणून बोलतात.

कोणी म्हणेल, 'रक्त आले तरी' म्हटले आहे, म्हणजे मारायला हरकत नाही. नीट पाहा. अभयचे बोट खड्याकडे जाते, बाळाला शिक्षा करायला जात नाही. त्याच्या मनात राग नाही, घाई आहे ती बाळाला वाचवण्याची. आपण फटका मारतो तेव्हा कोणता खडा काढतो? बहुतेक वेळा तो फटका आपल्या रागाचा असतो, किंवा लाजेचा. लिफ्टमध्ये शेजारी बघत आहेत, दुकानात लोक वळून पाहत आहेत, म्हणून हात उठतो. मुलाला त्यातून एवढेच कळते की मोठ्याने लहानाला मारले तर चालते. उद्या ते धाकट्या भावंडाला मारेल, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने रागावणार?

या सुत्तात दुसरीही बाजू आहे. खडा तोंडात राहू देणे ही करुणा नव्हे. रडणे थांबावे म्हणून दर वेळी चॉकलेट, दर वेळी मोबाईल, हेही दुर्लक्षच. मार नको आणि शरणागतीही नको, हा इथला मध्यम मार्ग. 'नाही' म्हटले असेल तर ते शांतपणे 'नाही'च राहू द्या. मूल रस्त्याकडे धावले तर घट्ट धरा. चावत असेल तर त्याला बाजूला घ्या. डोके आपटत असेल तर खाली उशी ठेवा. जवळ खाली बसा, आवाज कमी करा, 'तुला राग आलाय, मी इथेच आहे' एवढेच बोला. मग आपला श्वास पाहा, दहा श्वास. ही घरातली आनापानसती आहे, आणि तिला काही मिनिटे पुरतात.

आणि योग्य वेळेची कसोटी विसरू नका. मूल किंचाळत असताना आपण लांबलचक उपदेश करतो. बोलणे खरे असते, हिताचेही असते, पण वेळ चुकलेली असते. वादळ शांत झाल्यावर मांडीवर घेऊन दोन वाक्यांत सांगा, 'राग येतो, पण मारायचे नाही. हवे असेल तर बोटाने दाखव.' शंभर वेळा सांगावे लागेल. खंती ही दहा पारमितांपैकी एक आहे, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत या दहा पारमितांच्या पालनाचीही प्रतिज्ञा आहे. ती पाळायची जागा आपल्याला स्वयंपाकघरात आयती मिळाली आहे.

सत्याचेही तसेच. 'पोलीस धरून नेईल', 'तुला इथेच टाकून जाते', 'उद्या नक्की आणू' असे सहज बोलले जाते. बाल राहुलला तथागतांनी शिकवले की थट्टेतही खोटे बोलू नये. रोज पंचशील म्हणणाऱ्या घरात मुलाला घाबरवण्यासाठी खोटे बोलणे शोभत नाही, आणि मुलालाही लवकरच कळते की आईबापाच्या शब्दाला अर्थ नाही.

आता वडीलधाऱ्यांना आणि पतींना एक विनंती. खंती म्हणजे आईने एकटीने सोसणे नव्हे. बारा तास किंकाळ्या ऐकलेल्या माणसाचा संयम संपतो, तो काही अधर्म नाही. ड्युटीवरून आल्यावर एक तास मूल बापाने सांभाळावे आणि आईने दार लावून झोपावे. आजीचा व्हिडिओ कॉल लवकर लावा. इथे आठ वाजतात तेव्हा नागपुरात साडेदहा झालेले असतात आणि आजी पेंगत असते. आपल्या हाताला कंप सुटला, मूल आदळावेसे वाटले, तर त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवून दोन मिनिटे बाजूच्या खोलीत जा आणि कोणाला तरी फोन करा.

काही वेळा डॉक्टरांकडे जावे लागते. मूल रोज अनेकदा, फार वेळ अनावर राहते, स्वतःला किंवा इतरांना इजा करते, रडताना श्वास कोंडून बेशुद्ध होते, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, शिकलेले शब्द विसरते, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यात लाज नाही. लोक काय म्हणतील म्हणून वर्ष घालवले, तर नुकसान लेकराचे होते.

शेवटी आपल्या संघाबद्दल. वंदना चालू असताना एखादे मूल ओरडते, आई लाजून त्याला घेऊन जिन्यात जाते आणि पुढच्या वेळी येतच नाही. अशा किती भगिनी आपण गमावल्या असतील! पुढच्या शुक्रवारी मूल रडले तर मान वळवून पाहू नका. एकाने उठून त्याला कडेवर घ्यावे, आईला त्रिशरण पूर्ण म्हणू द्यावे. खोलीच्या एका कोपऱ्यात चटई, खडू आणि कागद ठेवा. ज्या मुलासाठी आपण हा धम्म जपतो आहोत, त्याला तो प्रथम आपल्या हाताच्या स्पर्शातून आणि आवाजातून कळणार आहे.

सर्वांचे मंगल होवो.
नमो बुद्धाय. जय भीम.