एका पातेल्याचे जेवण

कमी कष्टात होणारे आणि मागे फारशी भांडी न ठेवणारे जेवण यवतमाळ जिल्ह्याला नवे नाही. घाईच्या दिवसांत घर चालावे म्हणून इथल्या बायांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घडवत आणले आहे. स्वयंपाकाचे कष्ट मोजताना चिरणे, वाटणे, भाजणे एवढेच धरले जाते. घासणे हिशेबाबाहेर राहते. प्रत्यक्षात शेवटची कढई घासून पालथी घातली जाईपर्यंत रांधणारीचे काम संपलेले नसते.

या जेवणामागची कारणे शेतात आणि पाण्यात आहेत. जिल्ह्याचे मुख्य पीक कापूस. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि हिवाळाभर चालते. वेचणी मुख्यतः बायाच करतात आणि मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते. त्यामुळे सकाळी चुलीपाशी जास्तीचा गेलेला वेळ थेट कमाईतून वजा होतो. दुसरे कारण पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, तेव्हा यवतमाळ शहरानेही टंचाईचे चटके सोसले. गावांत हंडाभर पाण्यासाठीची पायपीट त्याआधीपासूनची आहे. पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे एक पातेले कमी घासणे म्हणजे एक खेप वाचणे.

या जेवणांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार विस्तवावरचा. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून हुरडा खातात. त्याला तवाही लागत नाही. रोडगेही तसेच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, राख झटकून वाढतात. रोडग्यांना वेळ बराच लागतो, पण पोळपाट, लाटणे आणि तवा यांना सुट्टी मिळते.

दुसरा आणि सर्वांत समृद्ध प्रकार एका पातेल्याचा. तुरीच्या डाळीची खिचडी सर्वांना माहीत आहे. वरणफळांत उकळत्या वरणात कणकेचे लाटलेले तुकडे सोडतात. वरण आणि पोळी वेगळी करायची गरज राहत नाही. गोळाभातात ही युक्ती अधिक बारकाईने दिसते. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद आणि तेलाचे मोहन घालून घट्ट गोळे वळतात. भात अर्धा शिजून वरचे पाणी आटत आले की गोळे त्यावर ठेवून झाकण घालतात. एकाच वाफेवर दोन्ही शिजतात. ताटात गोळा भातात कुस्करून वर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओततात. घासायला उरते एक पातेले, एक झाकण आणि फोडणीची पळी.

तिसरा प्रकार शिदोरीचा. भाकरीवर ठेचा किंवा घट्ट बेसन, शेजारी कांदा, आणि सगळे फडक्यात बांधलेले. शेतात भाकरी हीच ताटली होते. लग्नकार्यात हेच काम पळसाच्या पानांच्या पत्रावळी करत आल्या आहेत. त्या घासाव्या लागत नाहीत आणि मातीत मिसळून जातात.

शहरात ही परंपरा कुकरने पुढे नेली. १९५९ पासून भारतात प्रेशर कुकर बनू लागले. आज यवतमाळात खोली घेऊन शिकणारी खेड्यांतली मुले एका छोट्या कुकरवर मसालेभात किंवा खिचडी करून वेळ भागवतात. यात काही साधे नियम उपयोगी पडतात. आधी कोरडे, मग ओले: ज्या कढईत शेंगदाणे भाजले तिच्यातच फोडणी द्यावी. डाळ-तांदूळ धुतलेल्या पातेल्यातच शिजवावे. भांडे रिकामे होताच त्यात पाणी घालून ठेवावे. बेसनाची कढई वाळली की दुप्पट घासावी लागते.

या जेवणाला मर्यादाही आहेत. नुसता फोडणीचा भात पोट भरतो, पण अंगाला लागत नाही. डाळ आणि धान्य एकत्र आले की प्रथिनांतली एकमेकांची उणीव भरून निघते. म्हणून खिचडीत डाळीचे माप कमी करू नये. हिरवी भाजीही त्याच पातेल्यात घालता येते. यवतमाळच्या शेतात कपाशीच्या जोडीला तुरीच्या ओळी असतातच. घरची तूर घरच्या पातेल्यात पडणे यासारखी सोय दुसरी नाही.

दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. भांडी कमी केल्याने हे ओझे हलके होते, पण वाटले जात नाही. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईने सोपे जेवण रांधावे हे शहाणपणाचे आहे. ते एकुलते पातेले घरातल्या दुसऱ्या कोणी घासावे, हे न्यायाचे आहे.