करदोड्यातला ताईत

सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की आमचं शिरगाव आणि प्रतिशिर्डीचं साईमंदिर. गुरुवारी इथे रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत मीही असते. दर्शन घेते, कपाळाला उदी लावते आणि ड्युटीवर जाते. सव्वीस वर्षं एक्स-रे विभागात तंत्रज्ञ आहे. माणसांच्या आत बघणं हे माझं काम.

अशाच एका गुरुवारी पवन मावळातले एक काका आले. पोटात उजवीकडे दुखायचं, संध्याकाळी अंग तापायचं, वजन उतरलेलं. लहान आतड्याची बेरियम तपासणी लिहून दिली होती. रात्रीपासून उपाशी होते. बेरियम पाजायच्या आधी आम्ही पोटाची एक साधी फिल्म काढतो. तिच्यात बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला, पांढरीशुभ्र नळी दिसली. गाऊनखाली करदोड्यात तांब्याचा ताईत होता. विचारलं तेव्हा "अंगावर काही नाही" म्हणाले होते.

"ताई, हा निघायचा नाही," काका म्हणाले. मग जरा थांबून, "बाबा आहेत ना बघायला? आपण परत मशिनीनं आत डोकवायचं, म्हणजे त्यांच्यावर भरवसा नाही असंच झालं की."

हा प्रश्न मलाही कित्येकदा पडलाय. साईसच्चरिताच्या सातव्या अध्यायात हेमाडपंतांनी बाबांची धौती सांगितली आहे: आतडी ओकून बाहेर काढली, आतून-बाहेरून धुतली आणि झाडावर वाळत घातली. ही कथा मी श्रद्धेनं ऐकते. माझ्यापुरता तिचा अर्थ असा, की देहाच्या आत उजेडात आणू नये असं काही नाही. पण त्याच अध्यायात दुसरी गोष्टही आहे. 1910 च्या दिवाळीत लोहाराचं पोर वाचवायला बाबांनी धुनीत हात घातला. भक्त नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंदांना घेऊन आले, तर बाबांनी हात तपासू दिला नाही. दुसरे भक्त भागोजी शिंदेच तूप चोळून पट्टी बांधत राहिले. काकांची बाजू या गोष्टीत आहे, आणि ती मला झटकून टाकता येत नाही. मी एवढंच म्हणते, तो हात बाबांचा होता आणि निर्णयही त्यांचाच. माझ्यासमोर टेबलावर दुसऱ्याचं पोट असतं.

काकांना हे सगळं सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले, "काका, देवळात आपण कशाला जातो? दर्शनाला. बघायलाच ना? बघितल्यानं भरवसा तुटत असता तर गाभाऱ्याचं दार कुणी उघडलंच नसतं." त्यांनी स्वतःच गाठ सोडली आणि ताईत काकूंच्या हातात दिला.

बेरियम म्हणजे खडू कालवल्यासारखं पांढरं, घट्ट पाणी. बेरियम सल्फेट विरघळत नाही, रक्तात उतरत नाही. क्ष-किरण अडवतं म्हणून आतड्याचा आकार उमटतो. पोटात अन्न असेल तर त्याचीच सावली पडते, म्हणून उपास. नंतर दोन-तीन दिवस शौचाला पांढरी होते. घाबरायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर ते आत घट्ट बसतं. आतड्याला भोक पडल्याचा संशय असेल तर मात्र बेरियम देत नाहीत. आता ही तपासणी कमी झाली, सीटी स्कॅन आणि दुर्बीण जास्त. सीटीला किरण बरेच लागतात, तेव्हा "यानं माझा उपचार बदलणार आहे का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. किडनीचा त्रास, पूर्वी इंजेक्शनची आलेली रिअ‍ॅक्शन, मधुमेहाच्या गोळ्या, पोटात बाळ असण्याची शंका, सकाळी पाण्यातून घेतलेली उदीसुद्धा सांगा. आमच्यापासून लपवलेली गोष्ट आजारापेक्षा जास्त घात करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बेरियम मोठ्या आतड्यात उतरायला कुणाला दोन तास, कुणाला चार. ठरावीक वेळानं फिल्म घ्यायची, मधे उजव्या कुशीवर पडून राहायचं. श्रद्धा आणि सबुरी आम्ही एका दमात म्हणतो. सबुरी म्हणजे काय ते मला या टेबलाशेजारी कळलं. कारण शेवटी हाती येते ती सावली. काकांच्या फिल्मवर लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे वाट अरुंद झालेली दिसली, ताईताची नळी उमटली होती त्याच्याच मागे. ताईतानं काही लपवलं असं मी म्हणणार नाही. तो दुखऱ्या जागेवर बांधला होता, इतकंच. अरुंद वाट क्षयानं होते, क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारानं होते, कर्करोगानंही होते. सावलीवरून नाव ठरत नाही. दुर्बिणीतून तुकडा काढावा लागला, तेव्हा क्षय निघाला आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. उलटही होतं. फिल्म स्वच्छ येते आणि माणूस कळवळत असतो. त्याला "काही नाही तुम्हाला" म्हणणं मला पाप वाटतं. आम्हाला दिसलं नाही, एवढंच खरं असतं.

त्या दिवशी शेवटची फिल्म झाली तेव्हा अडीच तास उलटले होते. काकू बाहेरच्या बाकावर मूठ मिटून बसल्या होत्या. ओठांवरचं पांढरं पुसायच्या आधी काकांनी हात पुढे केला. ताईत घामानं ओला झाला होता.