पाणी एक, पेला वेगळा?

इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात श्रीमंतांचे प्रशस्त वाडे होते, तशीच सार्वजनिक स्नानगृहेही होती. धनिक आणि सामान्य एकाच पाण्यात उतरत. पण धनिकाचे अंग चोळायला गुलाम असे. पाणी एक झाले म्हणून माणसे एक होतात का? महाडचे चवदार तळेही सार्वजनिकच होते. तरी अस्पृश्य ठरवलेल्यांना तिथले पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह सत्याग्रह करावा लागला. आपण बडनेरेकर चर्चच्या दाराशी एकाच पात्रातील पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करतो. मग घरी मोलकरणीचा पेला वेगळा का? आज मिस्साहून परतल्यावर तो पेला आपण आपल्याच पेल्यांत ठेवू या.