पऱ्हाटीची रिफायनरी

भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये जळगावात धंदा सुरू केला तो रॉकेल विकण्याचा. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक जुना कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पाठोपाठ पीव्हीसीचे पाइप आले, मग ठिबक सिंचन आले, आणि पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे ही हकिकत जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. मी ती रसायनशास्त्राच्या अंगाने वाचतो. रॉकेल जमिनीखालच्या तेलातले, पपेन शेतातल्या झाडातले, पाइप पुन्हा तेलातला. तोही निम्म्याहून कमी, कारण पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग मिठापासून मिळणाऱ्या क्लोरीनचा असतो. खनिज तेल आणि वनस्पती, दोन्ही कच्च्या मालांशी एकाच गावातल्या एका माणसाने पंधरा-वीस वर्षांत व्यवहार केला. जळण म्हणून जे विकले ते किलोमागे सर्वांत स्वस्त होते आणि झाडातून जे काढले ते सर्वांत महाग.

हे आज आठवायचे कारण, ‘अन्नदाता आता ऊर्जादाता होणार’ ही घोषणा धुळे-जळगावकडच्या कृषी मेळाव्यांत हमखास ऐकू येते. पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांपासून, इथेनॉल, केळीच्या खोडापासून गॅस, मक्यापासून पेट्रोलमध्ये मिसळायचे स्पिरिट. घोषणेमागचा हेतू वाईट नाही. पण ती एक गोष्ट धरून चालली आहे: तेलाच्या रिफायनरीत जे होते तेच इथेही होईल, फक्त क्रूडऐवजी काड्या टाकायच्या. तसे होत नाही. का होत नाही हे नीट पाहिले, तर काय करण्याजोगे आहे तेही दिसते.

मुंबईत माहुलला दोन रिफायनऱ्या जवळजवळ आहेत. एक १९५४ मधली, पुढे एस्सोच्या नावाने ओळखली गेलेली. दुसरी बर्मा शेलची, १९५५ मधली. आज त्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या आहेत. खान्देशातले पेट्रोल-डिझेल बरेचसे मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकरने येते, आणि मुंबईहून मनमाडपर्यंत ते जमिनीखालच्या पाइपलाइनने येते. रिफायनरीत मुळात घडते ते असे. क्रूड साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलके घटक वर चढतात, जड खाली राहतात: वर गॅस, मग नॅफ्था, मग रॉकेल, डिझेल, आणि तळाशी डांबर. जे फार जड ते उत्प्रेरकावर फोडून हलके करायचे. हे जमते, कारण क्रूडमध्ये जवळजवळ नुसते कार्बन आणि हायड्रोजन असतात. शिवाय ते द्रव आहे. पंपाने उचलता येते, टाकीत साठवता येते, जहाजातून आणता येते.

हे क्रूडही एके काळी प्राचीन समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे आणि शेवाळांचे शरीरच होते. गाळाखाली दबून, साठ ते सव्वाशे अंशांच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षे मुरून त्यातला ऑक्सिजन निघून गेला. युटा विद्यापीठात असताना जेफ्री ड्यूक्स यांनी २००३ मध्ये हिशेब मांडला की एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २३ टन प्राचीन सेंद्रिय पदार्थ खर्ची पडला आहे. गोळा करणे, पाणी काढणे, ऑक्सिजन काढणे आणि एका जागी साठवणे ही कामे पृथ्वीने फुकट करून ठेवली. माहुलला उरते ते शेवटचे काम.

पऱ्हाटीत ही सगळी कामे बाकी असतात. वाळलेल्या काडीच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ती आधीच अर्धवट जळालेली आहे. किलोभर क्रूड जेवढी उष्णता देते तिच्या जेमतेम चाळीस टक्के किलोभर काडी देते. तिच्यापासून पेट्रोलसारखे काही करायचे तर ऑक्सिजन घालवावा लागतो. पाण्याच्या रूपाने घालवायचा तर हायड्रोजन लागतो, आणि तो आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, म्हणजे पुन्हा जमिनीखालूनच, मिळवतात. कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने घालवायचा तर त्याच्यासोबत आपला कार्बनही जातो. यीस्ट ही दुसरी वाट धरते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते, उरलेले ८८ ग्रॅम हवेत जातात. यंत्र सुधारून यात फरक पडणार नाही. समीकरणच तसे आहे. हवा न देता काडी झपाट्याने तापवून तिचे तेल काढण्याचीही पद्धत आहे. पण त्या तेलात पाव हिश्शापर्यंत पाणी असते, ते चिंचेच्या कोळासारखे आंबट असते, डिझेलमध्ये मिसळत नाही आणि ठेवले तर घट्ट होत जाते.

आता आकड्यांकडे येऊ. इंडियन ऑइलने पानिपतला आपल्या रिफायनरीलगत भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प उभारला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, खर्च नऊशे कोटींच्या वर. वर्षाला २ लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, हे उद्दिष्ट. म्हणजे टनाला दीडशे लिटर. जळगाव जिल्ह्यात कपाशी साधारण पाच लाख हेक्टरांच्या आसपास असते, आणि हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरायला हरकत नाही. जिल्ह्यातली काडी न् काडी गोळा केली, चुलीला एकही ठेवली नाही आणि पानिपतचाच उतारा मिळाला, तर १० लाख टनांतून १५ कोटी लिटर इथेनॉल होईल. आकडा भाषणात छान वाजतो. पण लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. तेवढे धरले तर हा सगळा ऐवज सुमारे ७५ हजार टन क्रूडच्या तोडीचा. भारत पेट्रोलियमच्या माहुलच्या रिफायनरीची क्षमता वर्षाला १ कोटी २० लाख टन आहे. अख्ख्या जिल्ह्याचा हंगाम तिला अडीच दिवसही पुरणार नाही.

आणि ही काडी हलवायची कशी? सुटी पऱ्हाटी ट्रॉलीत टन-दीड टनापेक्षा जास्त बसत नाही; भरलेली ट्रॉली डोंगराएवढी दिसते, आत बहुतेक हवा. जानेवारी ते मार्चमध्ये सगळी गोळा करायची आणि पुढे नऊ महिने पावसापासून, वाळवीपासून, आगीपासून सांभाळायची. कारखाना जितका मोठा तितकी काडी लांबून आणावी लागते, आणि तितके डिझेल तिच्या वाहतुकीत जळते. कोकणात वर्षाला ६ कोटी टनांच्या रिफायनरीचा प्रस्ताव नाणारहून बारसूला गेला. लोकांनी त्याला विरोध का केला हा वेगळा विषय. पण एवढा आकार कोणाच्या मनात येऊ शकतो तो क्रूडमुळे. काडीच्या बाबतीत मोठेपणा एका मर्यादेनंतर तोट्याचा ठरतो, आणि ती मर्यादा ट्रॅक्टरच्या पल्ल्याने ठरते.

मग शेतमालाची रिफायनरी चालतच नाही असे म्हणावे, तर धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला ती कित्येक वर्षे चालू आहे. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात युनिव्हर्सल स्टार्च केम अलाइडचा मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे. त्याला कोणी बायोरिफायनरी म्हणत नाही, म्हणून परिसंवादांत त्याचे नाव निघत नाही. स्टार्चच्या धंद्याची रीत जगभर सारखीच. मका गंधकाचा वायू विरघळवलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजत घालतात. मऊ झालेला दाणा भरडून कोंब वेगळा काढतात, त्याचे तेल निघते. साल वेगळी, ती जनावरांच्या खाद्याला. ग्लुटेन वेगळे, ते कोंबड्यांच्या खाद्याला. उरलेला स्टार्च कापडाच्या खळीला, कागदाला, औषधाच्या गोळ्यांना. किंवा त्याचे ग्लुकोज करायचे, ग्लुकोजचे पुढे सॉर्बिटॉल, जे टूथपेस्टमध्ये जाते. भिजवण्याचे पाणीसुद्धा टाकत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत याच पाण्यावर पेनिसिलिनची बुरशी वाढवली, तेव्हा उत्पादन एकदम चढले आणि पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवणे शक्य झाले.

एका मालाचे दहा माल करायचे आणि अकराव्यालाही गिऱ्हाईक शोधायचे, हे रिफायनरीचे खरे तंत्र. तेलवाल्यांनाही ते पहिल्या दिवशी जमले नव्हते. एकोणिसाव्या शतकात क्रूड काढत ते दिव्यांच्या रॉकेलसाठी. पेट्रोल हा तेव्हा धोकादायक टाकाऊ माल होता. मोटार आली आणि त्याचे नशीब पालटले. जळगावच्या चटया ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणल्या जातात, तेही याच धडपडीचे उशिरा आलेले फळ.

दोंडाईच्याच्या धंद्यात आणखी एक शहाणपण आहे. तिथे ऑक्सिजन काढत बसत नाहीत, तो विकतात. स्टार्च, ग्लुकोज, सॉर्बिटॉल या सगळ्यांच्या वजनात जवळपास निम्मा ऑक्सिजन, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते पूर्ण वजनाचे. नॅफ्थापासून ग्लायकोल किंवा ॲसिटिक ॲसिड करणाऱ्याला तोच ऑक्सिजन खर्च करून रेणूत घुसवावा लागतो. झाडाने तो आधीच घालून दिला आहे. इंधन करायचे म्हटले की तो दोष, रसायन करायचे म्हटले की तेच भांडवल. अहिल्यानगर (आधीच्या अहमदनगर) जिल्ह्यात साकरवाडीला सोमय्यांच्या गोदावरी बायोरिफायनरीजने उसाच्या अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेटसारखी रसायने करून हीच वाट धरली.

पऱ्हाटी आणि दाणे काढलेली मक्याची कणसे यांच्यासाठी असा एक जुना उमेदवार आहे: फरफ्युरल हे रसायन. अमेरिकेत आयोवातल्या सीडर रॅपिड्सला क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून ते १९२०च्या दशकात काढायला सुरुवात केली. टरफले सौम्य आम्लात वाफेखाली शिजवायची, वाफेबरोबर फरफ्युरल निघते. मक्याच्या कणसांच्या कोरड्या वजनातले आठ-दहा टक्के हाती लागते, उरलेला चोथा बॉयलरला. आज यात चीन सर्वांत पुढे आहे, तेही कणसांच्या जोरावर. गंमत म्हणजे वंगणतेलातले नको ते घटक धुऊन काढायला तेलाच्या रिफायनऱ्याच फरफ्युरल वापरत आल्या आहेत. फरफ्युरल करताना निघणाऱ्या सांडपाण्यात ॲसिटिक ॲसिड असते आणि ते निस्तरण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. तो धरला नाही तर पांझरा-गिरणाकाठच्या विहिरी काय बोलतील, हे सांगायला नको.

इंधनाच्या मागे लागल्यावर काय होते ते मक्याने दाखवून दिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली आणि कारखाने मक्याकडे वळले. मक्याचा भाव चढला. आपल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळाले हे चांगलेच झाले, पण नवापूरसारख्या भागातला कोंबड्या पाळणारा अडचणीत आला, कारण त्याचा मोठा खर्च खाद्याचाच. २०२४ मध्ये भारत निर्यातीपेक्षा जास्त मका आयात करू लागला. परकीय चलन वाचवायला निघालेली योजना दुसऱ्या दाराने ते बाहेर पाठवू लागली. आणि ज्याला आपण शेतातले इंधन म्हणतो त्याखाली तेल आहेच. रावेर-यावलच्या केळीला जे ठिबक लागते ते पॉलिथिनचे, जो युरिया लागतो तो नैसर्गिक वायूचा, घड वाहून नेणारा ट्रक डिझेलचा. तिच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ते खोड वाळवून जाळण्यापेक्षा धागा काढावा, गॅस करावा किंवा सरळ बागेतच कुजू द्यावे.

पऱ्हाटीची गोष्ट मात्र वेगळी. बहुतेक अवशेषांबाबत एक रास्त हरकत असते, की जमिनीचे जमिनीला परत जाऊ द्या. कपाशीत गुलाबी बोंडअळीने ही हरकत बरीच उलटवली आहे. फरदड (वेचणीनंतर राखलेले पीक) घेऊ नका, अळीला आसरा मिळू नये म्हणून पऱ्हाट्या उपटून शेताबाहेर काढा, हा कृषी खात्याचाच सल्ला. त्यामुळे शेतकऱ्याला ती काढावी लागते, मजुरी द्यावी लागते, आणि शेवटी बरीचशी बांधावर पेटते. खान्देशात खरोखर मोकळी असलेली काडी असेल तर ती हीच.

तिचे काय करावे, याचा माझ्यापुरता क्रम असा. आधी जे जास्त भावाचे आणि थोडे ते काढावे: फरफ्युरल, पार्टिकल बोर्ड. बोर्डाचे तंत्र मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, सिरकॉटने, कधीच तयार केले आहे. बाकीचे सरळ जाळावे, पण बॉयलरमध्ये. टनभर वाळलेली पऱ्हाटी जवळजवळ टनभर देशी कोळशाइतकी उष्णता देते. तिचे इथेनॉल केले तर त्यातला जेमतेम पाचवा भाग इंधनात उतरतो. औष्णिक केंद्रांनी कोळशात जैव इंधनाच्या गोळ्या मिसळाव्यात असे केंद्राचे धोरण आहे आणि दीपनगरचे औष्णिक केंद्र भुसावळच्या उंबरठ्यावर आहे. इथेनॉल या यादीत शेवटी येते. ते अशक्य नाही. इतर सगळे करून झाल्यावर उरलेल्या मालाचे ते काम आहे.

जागाही नव्या शोधायला नकोत. साक्रीच्या पांझरा-कानसारखे बरीच वर्षे बंद राहिलेले साखर कारखाने खान्देशात आहेत. काटा, गव्हाणीचे आवार, रस्ता आणि गाड्यांची वर्दळ सांभाळण्याची सवय तिथे होती. वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात जेवढी काडी आहे तेवढ्याच क्षमतेचा कारखाना तिथे उभा करावा, त्याहून मोठा नको. जळगावच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे; तिथल्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असेल, तर आपल्या तालुक्यातल्या पऱ्हाटीत कोणत्या महिन्यात किती ओल असते हे मोजायला लावावे. परदेशी आकड्यांवर बेतलेले प्रकल्प अहवाल याच ओलाव्यात बुडतात.

शेतकऱ्यांना एवढेच सांगणे आहे. उद्या कोणी तुमच्या गावात पऱ्हाटीच्या इथेनॉलचा प्रकल्प घेऊन आला, तर त्याला रोज किती लिटर निघणार हे विचारू नका. वाळलेल्या टनाला बांधावर काय दर देणार, ओल कोण मोजणार, आणि करार हंगामाआधी लेखी होणार का, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा शेअरच्या अर्जावर सही करू नका.